मस्टरवर नसलेली माणसं

रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर दिवसपाळीवाल्या सिस्टरांपेक्षा कमी आजारी पडतात. एखाद्या मोठ्या रुग्णालयाची तीन वर्षांची हजेरी संगणकाला दिली आणि पाळीनुसार आजारपणाच्या रजांची सरासरी काढायला सांगितली, तर असं उत्तर सहज येऊ शकतं. आलेख सुबक दिसतो. फरक योगायोगाचा नाही, असंही संख्याशास्त्राच्या कसोट्या सांगतात. व्यवस्थापनाच्या बैठकीत तो पडद्यावर झळकला, की पुढचं वाक्य कुणीतरी बोलणारच : ‘रात्रीचं तर छान चाललंय. मग तिथली दोन माणसं कमी केली तर?’

तो आलेख बैठकीत पोचण्याआधी थांबवणं हे ज्यांचं काम, त्यांच्या पदाचं नाव लांबलचक आहे : सीनिअर डेटा सायंटिस्ट, वर्कफोर्स ॲनालिटिक्स. सोप्या भाषेत, नोकरदार माणसांच्या नोंदींवरून अंदाज बांधणारे अनुभवी विश्लेषक. पुढच्या वर्षी किती माणसं लागतील, कोणत्या विभागातून माणसं का सोडून जातात, जादा काम कुणाच्या वाट्याला येतं, एकाच कामाला बाईला आणि पुरुषाला सारखा पगार मिळतो का, या प्रश्नांची उत्तरं त्यांच्याकडे मागितली जातात. बँका, आयटी कंपन्या, कारखाने, मोठी रुग्णालयं अशा सगळीकडे हे पद आता दिसू लागलं आहे. पुण्यात किंवा बेंगळुरूत बसून परदेशातल्या कंपन्यांसाठी हेच काम करणारेही आहेत. संगणकाला हुकूम सोडता येणं ही या कामाची पहिली पायरी, आणि ती कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांनाही चढता येते. ‘सीनिअर’ या शब्दाचा पगार मिळतो तो नोंदीत जे नाही त्याची चौकशी करण्यासाठी.

रात्रपाळीच्या आलेखाचंच पाहा. ज्यांना जागरण सोसत नाही, ज्यांचा रक्तदाब चढतो, साखर बिघडते किंवा घरी तान्हं मूल असतं, त्या इन्चार्ज सिस्टरच्या मागे लागून दिवसाची पाळी मागून घेतात. काही जणी नोकरीच सोडतात. तीन वर्षांनी रात्रपाळीत उरतात त्या, ज्यांच्या तब्येतीला ती मानवली. शिवाय रात्रीच्या जागरणानं खंगून दिवसपाळीत आलेल्या सिस्टरची पुढची सगळी आजारपणं दिवसपाळीच्या खात्यावर लागतात. दुखणं एका पाळीचं, नोंद दुसरीच्या नावावर.

या गफलतीला साथरोगशास्त्रात ‘हेल्दी वर्कर इफेक्ट’ म्हणतात. नाव अलीकडचं असलं, तरी इशारा जुना आहे. इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहणारे डॉ. विल्यम ओगल यांनी १८८५ मध्ये वेगवेगळ्या धंद्यांतल्या मृत्यूंचे आकडे मांडले, तेव्हा त्यांनी दोन अडचणी सांगून ठेवल्या होत्या. कष्टाच्या धंद्यात मुळात धडधाकट माणसंच शिरतात. आणि तब्येत ढासळली, की तो धंदा सोडून हलकं काम धरतात. त्यामुळे कष्टाचा धंदा कागदावर आहे त्यापेक्षा निर्धोक दिसतो आणि हलका धंदा उगीच घातक.

त्याच्याही आधी, १८५८ मध्ये, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ब्रिटिश लष्कराचे आकडे मांडले होते. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार त्यांच्या मदतीला होते. युद्ध नसताना, मायदेशातल्या बराकीत राहणाऱ्या तरुण सैनिकांचा मृत्युदर त्याच वयाच्या सामान्य नागरिकांच्या जवळपास दुप्पट निघाला. सैन्यात भरती होतात ती पारखून घेतलेली सुदृढ पोरं. त्यांचा मृत्युदर खरं तर इतरांपेक्षा कमी असायला हवा होता. म्हणजे बराकीतल्या गर्दीनं आणि घाणीनं केलेलं नुकसान दिसत होतं त्याहून मोठं होतं. दिवा घेतलेल्या बाईंचं चित्र सगळ्यांना ठाऊक आहे. मनुष्यबळाच्या विश्लेषणाचा पहिला धडा त्यांनी घालून दिला, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही.

रात्रपाळीबद्दल वैद्यकशास्त्राला आज पुष्कळ माहिती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये जैविक घड्याळ बिघडवणारं पाळ्यांचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये फेरविचार करून रात्रपाळीचं काम त्याच गटात ठेवलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा एकत्रित अभ्यास २०२१ मध्ये आला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असल्याचा अंदाज त्यात आहे. इतकं सगळं उलटं सांगत असताना एका रुग्णालयाचा आलेख ‘रात्र बरी’ म्हणत असेल, तर आधी आलेखावर संशय घ्यायला हवा.

चार तास सोमवारी, आठ तास मंगळवारी

या कामाचा मोठा वेळ गणितात जात नाही, साफसफाईत जातो. सोमवारी रात्री आठला सुरू होऊन मंगळवारी सकाळी आठला संपणारी ड्युटी घ्या. बारा वाजले की सॉफ्टवेअरची तारीख बदलते. एका ड्युटीचे चार तास सोमवारी पडतात, आठ तास मंगळवारी. मंगळवारी रात्री पुन्हा ड्युटी असेल, तर त्याच तारखेत आणखी चार तासांची भर पडते. अहवालात मंगळवारचे बारा तास दिसतात, जसे कुठल्याही सरळ ड्युटीचे दिसावेत. मधे घरी जाऊन स्वयंपाक, मुलांची शाळा आणि जमलीच तर झोप उरकून ती बाई पुन्हा आली, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.

ड्युटीचं वेळापत्रक एक सांगतं, अंगठ्याचं यंत्र दुसरं. कारण पाळ्यांची अदलाबदल वॉर्डाच्या व्हॉट्सॲप गटावर झालेली असते. लग्नानंतर आडनाव बदलून, वर्षभरानं परत रुजू झालेल्या सिस्टरला नवा कर्मचारी क्रमांक मिळतो आणि संगणकाच्या लेखी एक बाई सोडून गेलेली असते, एक नवी आलेली असते. राजीनाम्याच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात ‘पर्सनल’ आणि ‘बेटर प्रॉस्पेक्ट्स’ हेच दोन शब्द शेकडो वेळा आढळतात. अनुभवाचा दाखला आणि रिलिव्हिंग लेटर अजून हातात पडायचं असताना खरं कारण कोण लिहील? विश्लेषकानं एखादी रात्र वॉर्डात जाऊन बसण्याला म्हणूनच पर्याय नाही. तिथं पहाटे तीनला जे कळतं ते कुठल्याही रकान्यात सापडत नाही.

अर्धवट गोष्टींचं गणित

‘आपल्याकडे सिस्टर साधारण किती टिकते?’ हा प्रश्न साधा वाटतो. सोडून गेलेल्यांच्या नोकरीचा काळ काढून सरासरी घेतली, तर अजून कामावर असलेल्या सगळ्या जणी हिशेबातून गळतात. उरलेल्यांचाच काळ मोजला, तर गेलेल्या गळतात. ज्यांची गोष्ट अजून संपलेलीच नाही त्यांना मोजायचं कसं, ही खरी अडचण.

तिची उकल वैद्यकातून आली आहे. कर्करोगाच्या रुग्णांचा पाठपुरावा करताना हाच पेच असतो : काही रुग्ण दगावलेले, काही हयात, काहींचा उपचार कालच सुरू झालेला. पॉल मायर या प्रश्नाकडे कर्करोगाच्या अभ्यासातून आले. एडवर्ड कॅप्लन अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारांवरच्या व्हॅक्यूम ट्यूब किती काळ टिकतात याचा हिशेब करत होते. दोघांनी स्वतंत्रपणे गाठलेलं उत्तर १९५८ मध्ये एकत्र छापलं गेलं. आज कुठल्याही कर्करोग संशोधनात पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी जी रेषा दिसते, ती या दोघांच्या नावानं ओळखली जाते.

कल्पना अगदी घरगुती आहे. समजा, १०० सिस्टर रुजू झाल्या. पहिल्या सहा महिन्यांत २० गेल्या. म्हणजे टिकण्याचं प्रमाण ८० टक्के. उरलेल्या ८० पैकी ३० जणींचे आजच जेमतेम सहा महिने भरलेत. पुढच्या सहा महिन्यांची त्यांची परीक्षा अजून झालेलीच नाही, म्हणून पुढच्या हिशेबात त्यांना धरायचं नाही. राहिल्या ५०. त्यातल्या १० जणी वर्ष पुरं होण्याआधी गेल्या. पुन्हा ८० टक्के. आता ८० टक्क्यांचे ८० टक्के, म्हणजे ६४. वर्षभर टिकण्याची शक्यता ६४ टक्के. सरळ हिशेब केला असता, तर शंभरातल्या तीस गेल्या म्हणून ७० टक्के टिकल्या असं वाटलं असतं. नुकत्याच आलेल्यांना ‘टिकलेल्या’ धरण्याची चूक त्या सहा टक्क्यांत आहे. भरती जोरात चालू असलेल्या ठिकाणी ही चूक आणखी फुगते, आणि गळती आटोक्यात आल्याचं समाधान सगळ्यांना मिळतं.

शून्य म्हणजे नेहमीच चांगलं?

न आलेल्या रजेचंही तसंच. वर्षभरात आजारपणाची एकही रजा नाही, म्हणून सत्कार करण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेल्या ‘व्हाइटहॉल-२’ या अभ्यासात दहा हजारांहून अधिक लोकांची तब्येत वर्षानुवर्षं पाहिली गेली. त्यातल्या पुरुषांबद्दलचा एक निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तब्येत बरी नसूनही पाहणीच्या काळात एकही आजारपणाची रजा न घेतलेल्यांमध्ये हृदयविकाराच्या गंभीर घटनांचं प्रमाण, तशीच तब्येत असून बेताच्या रजा घेणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास दुप्पट निघालं. ‘अंगावर काढणं’ हा आपल्याकडचा शब्दप्रयोग यासाठी किती नेमका आहे! हजेरीच्या नोंदीत अंगावर काढणारा आणि खरोखर ठणठणीत, दोघांच्या रकान्यात सारखंच शून्य असतं.

चुकांच्या शून्याची गोष्ट याहून बोधक. एमी एडमंडसन हार्वर्डमध्ये पीएच.डी. करत असताना, १९९०च्या दशकात, रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासत होत्या. ज्या वॉर्डात परिचारिकांचं एकमेकींशी चांगलं जमतं, तिथं चुका कमी होत असणार असा त्यांचा कयास. आकडे नेमके उलटे आले : चांगल्या गटांत चुका जास्त. मग त्यांनी दुसऱ्या एका संशोधकाला, आधीचे आकडे न सांगता, वॉर्डांमध्ये निरीक्षणाला पाठवलं. लक्षात आलं ते असं, की त्या वॉर्डांत चुका उघडपणे बोलल्या जात होत्या. इतरत्र भीतीपोटी त्या दडपल्या जात. मोजली गेलेली चूक आणि घडलेली चूक या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी या विषयावर जो निबंध लिहिला, त्यातली मानसिक सुरक्षिततेची कल्पना आज प्रत्येक कंपनीच्या प्रशिक्षणात ऐकायला मिळते. मुळात ती हाती लागली एका न पटणाऱ्या आलेखाचा पिच्छा पुरवल्यामुळे.

आणि जी माणसं यादीतच नसतात, त्यांचं काय? मुंबईच्या गिरणगावात बदली कामगार ही ओळखीची गोष्ट होती. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभं राहायला मिळेल, या आशेवर ही माणसं गिरणीच्या दाराशी थांबत. आजच्या रुग्णालयात एजन्सीमार्फत आलेल्या सिस्टर, कंत्राटी आया आणि वॉर्डबॉय यांची जागा बरीचशी तीच आहे. रात्री त्याच वॉर्डात त्याच रुग्णांची सेवा ते करतात, पण त्यांची हजेरी कंत्राटदाराकडे असते. त्यांना सुई टोचली, ते चक्कर येऊन पडले, तर रुग्णालयाच्या आलेखात काहीच हलत नाही. उलट, कायम माणसांचं जादा काम घटल्याचं दिसतं. विश्लेषकानं कंत्राटदाराची बिलं मागवली, तर निदान तास तरी कळतात. वित्त विभागाकडून ती फाइल मिळवायला कधीकधी सगळ्या गणितापेक्षा जास्त दिवस लागतात.

कोण सोडून जाईल?

हल्ली मागणी असते भाकिताची. कोणता कर्मचारी येत्या सहा महिन्यांत राजीनामा देईल, त्याची यादी हवी. तंत्रानं ती काढता येते. प्रश्न ती कुणाच्या हातात जाते आणि तिचं काय होतं, हा आहे. एखादीचं नाव ‘जाण्याची शक्यता जास्त’ या यादीत आलं, म्हणून प्रमुखानं तिला प्रशिक्षणातून वगळलं, बढतीचा विचार थांबवला. ती खरोखरच गेली. भाकीत बरोबर ठरल्याची नोंद होते.

भाकितासाठी कशाला काय समजायचं, यातही मोठा सापळा आहे. अमेरिकेत जास्त देखभालीची गरज असलेले रुग्ण शोधणाऱ्या एका संगणकीय प्रणालीचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्या प्रणालीनं ‘पुढे किती खर्च होईल’ यालाच ‘किती आजारी आहे’ असं मानलं होतं. कृष्णवर्णीय रुग्णांवर मुळातच कमी खर्च होत आला असल्यामुळे ते कमी आजारी ठरत. हा दोष काढला, तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. प्रणालीत वंशाचा रकाना नव्हताच. नोकरीच्या नोंदींतही अशा जोड्या जुळवण्याचा मोह होतो : रजा म्हणजे अनास्था, उशिरापर्यंत थांबणं म्हणजे निष्ठा. बाळंतपण, आजारी सासूबाई, शेवटची लोकल या गोष्टी रकान्यात नसतात. त्यांचा भार मात्र त्याच आकड्यांवर पडतो.

आपल्याकडच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा मालकाला दिली आहे. मुभा आहे म्हणून सगळं दाखवायचं का, हे ठरवणं तरीही उरतंच. चार सिस्टरांच्या वॉर्डात ‘२५ टक्के मानसिक आजाराच्या रजेवर’ असं पडद्यावर दिसलं, की ती कोण, हे चहाच्या टपरीपर्यंत कळतं. त्यामुळे ठरावीक संख्येपेक्षा लहान गटाचे आकडे दाखवायचेच नाहीत, हा नियम शहाणी मंडळी पाळतात. बैठकीत कुणी कितीही आग्रह केला तरी.

आता पुन्हा रात्रीच्या त्या दोन माणसांकडे. त्यांच्या असण्या-नसण्यानं काय होतं, हे मोजून झालेलं आहे. लिंडा एकिन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांतले २,३२,३४२ शस्त्रक्रियेचे रुग्ण आणि १०,१८४ परिचारिकांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली; परिचारिका कामानं पिचून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी. हा एका वेळचा फोटो होता, त्यामुळे कारण नेमकं कोणतं यावर वाद घालायला जागा होती. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं २०१६ मध्ये ठरावीक सरकारी रुग्णालयांत दिवसा चार रुग्णांमागे आणि रात्री सात रुग्णांमागे किमान एक परिचारिका असा नियम केला, तेव्हा आधी आणि नंतर अशी तुलना करता आली. नियम लागू झालेली २७ रुग्णालयं आणि न झालेली २८. ‘लॅन्सेट’मध्ये २०२१ साली आलेल्या निष्कर्षांनुसार नियम लागू झालेल्या ठिकाणी मृत्यूची शक्यता ११ टक्क्यांनी घटली. रुग्ण लवकर घरी गेल्यानं आणि कमी जण पुन्हा दाखल झाल्यानं वाचलेला खर्च, वाढवलेल्या परिचारिकांवरच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त निघाला.

आपल्या त्या रुग्णालयाचा आलेख मग पुन्हा काढावा लागतो. या वेळी सिस्टर आज कोणत्या पाळीत आहे हे पाहायचं नाही. रुजू झाल्यावरचे पहिले सहा महिने तिनं कोणत्या पाळीत काढले, त्यानुसार गट पाडायचे आणि नंतर ती कुठेही गेली तरी त्याच गटात मोजायची. औषधांच्या चाचण्यांतही हीच शिस्त असते : गोळी मधेच सोडलेला रुग्णसुद्धा त्याच गटात धरतात. सोडून गेलेल्यांची यादी काढून त्यांना फोन करायचे. नोकरी संपून सहा महिने झालेल्या बाईला खरं बोलायला हरकत नसते. काही क्रमांक बंद असतात. काही जणी सांगतात, की तिकडे रात्री दोन वॉर्डांना मिळून आम्ही तिघी असायचो.

हा दुसरा आलेख बैठकीत ठेवला, की बहुतेक वेळा एक प्रश्न येतो : ही माहिती आपल्याकडेच होती, तर आजवर दिसली का नाही? उत्तर अगदी कारकुनी असतं. माणूस गेला, त्याचं ‘फुल अँड फायनल’ झालं, की त्याचं नाव पगाराच्या चालू यादीतून निघतं. आणि दर महिन्याचा अहवाल त्याच चालू यादीवरून तयार होतो.